माउथवॉशच्या वहीतली डावी पानं

४ जाने., रवि.

स्वतःच्या हातांनी केलेलं, आजपर्यंत:

दारातलं चपलांचं कपाट, आठ खणांचं, पॅकिंगच्या लाकडाचं. ओट्याखालची सरकती फळी. टाकी भरली की वाजणारी घंटी. सुनंदासाठी इस्त्रीचं घडीचं टेबल (एक पाय पाव इंच कमी होता, खाली रबर लावलं, आता डुगडुगत नाही). गॅलरीत अकरा कुंड्यांना ठिबक, सलाइनच्या नळीचं. तळमजल्यावर म्हात्रेआईंच्या देव्हाऱ्याची दोन दारं, पितळी बिजागऱ्या, उघडताना आवाज शून्य. आणि वही. कागद आणून, दुमडून, दोरा ओवून शिवलेली, १९२ पानं, पुठ्ठा जुन्या कॅलेंडरचा. आतला मजकूरही माझाच.

हे सगळं आज या रोजनिशीत लिहायचं कारण: दुपारी सु. फोनवर कुणाला तरी म्हणाली, "हे? हे घरीच असतात."

६ जाने., मंगळ.

उपयोग क्र. ४४. पाय. कोमट पाणी ३ तांबे, माउथवॉश (पुढे मा.वॉ.) अर्धी वाटी, १५ मि. बूट काढल्यावरचा वास गेला. काल केलं, आज संध्याकाळपर्यंत गेलेलाच. उजव्या पानावर लिहिलं. डावं कोरं ठेवलं.

ही सवय कारखान्यातली. बॅचच्या रजिस्टरात उजवीकडे काय केलं ते, डावीकडे पुढे काय झालं ते. डावीकडचं त्याच दिवशी कधीच लिहायचं नाही. आठ दिवस थांबायचं. दहावी नापास माणूस भरण लाइनवर बावीस वर्षं टिकला आणि शेवटची अकरा वर्षं पदवीवाल्यांना शिकवत होता, तो या डाव्या पानावर.

कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. शेवटच्या दिवाळीला मिठाईऐवजी प्रत्येकाला मा.वॉ.ची तीन खोकी, शंभर मि.ली.च्या बाटल्या. बाकीच्यांनी वाटून टाकल्या. मी ज्या बाटल्या बावीस वर्षं भरल्या त्या फेकवेनात. तोंडातही घेववेना, जळजळतं. म्हणून हे सुरू झालं. सव्वा वर्ष झालं.

शिल्लक: निळा ४१, बिनरंगी ९.

९ जाने., शुक्र.

डावी पानं भरली. क्र. ३७ (हेल्मेटचं अस्तर): चांगलं, पण वाळायला पूर्ण दिवस हवा, ओलं घातलं तर डोकं खाजतं. क्र. ३८ (आरसा): चकाकतो, पण चिकट राहतो. साध्या पाण्याने पुन्हा पुसणे. न पुसल्यास मुंग्या. क्र. ४० (काखेत, कापसाने): दाढीच्या ब्लेडने साफ केलं असेल त्या दिवशी नको. नको म्हणजे नको. मी ओरडलो तेव्हा सु. स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता काय प्यायलात की काय?"

क्र. २६ ची (कचऱ्याच्या डब्याचा तळ) दुरुस्ती मागेच डावीकडे केली आहे, आज पुन्हा तपासली. उजवीकडे १ भागाला ३ पाणी लिहिलंय, ती माझी चूक. वास उलट वाढतो, पुदिना आणि सडकी मासळी एकत्र. बरोबर प्रमाण १ ला १. उजवीकडचं खोडायचं नाही हा नियम. चूक झाली तर ती दिसली पाहिजे.

११ जाने., रवि.

जुईनगरहून नितीन आणि पल्लवी जेवायला. नि. हा सु.चा धाकटा भाऊ, पल्लवी त्याची बायको. विम्याच्या ऑफिसात आहे, शिवाय दोघं मोबाइलवर घरगुती युक्त्यांचे व्हिडिओ करतात. लग्नात त्याचा फेटा मी बांधला होता.

वही चाळली त्याने. म्हणाला, "दाजी, हे सोनं आहे. मला द्या, एका महिन्यात कुठल्या कुठे नेतो."

मी म्हटलं, आधी पुस्तिका. साठ उपयोग पूर्ण झाले की वाशीच्या छापखान्यात टाकणार. डावं-उजवं पान समोरासमोर. वर माझं नाव.

"पुस्तक कोण वाचतंय हो आता? व्हिडिओ करू. तुमचं नाव खाली टाकू."

"आणि डावी पानं?"

"दाजी, लोकांना 'करा' ऐकायचं असतं. 'नको' ऐकायला कोण थांबतंय?"

मी म्हटलं, मग नको. हसला. पल्लवीने वही मिटून सरळ फळीवर ठेवली, शिवणीचा दोरा आतल्या बाजूला घेऊन. मुलगी नीटनेटकी आहे.

१४ जाने., बुध. संक्रांत.

सु.ने विषय काढला. हळदीकुंकू २३ ला. वाण काय लुटायचं? गेल्या वर्षी प्लास्टिकच्या गाळण्या दिल्या, त्या दीड महिन्यात तुटल्या आणि बायकांनी तिला ऐकवलं. म्हणाली, "तुमच्या निळ्या बाटल्या देऊ?"

मी चकित. माझ्या प्रयोगातलं काही तिने चार लोकांत न्यायचं म्हटलं, हे पहिल्यांदा. लगेच हो म्हणालो. ४१ पैकी ३०.

"पण नुसती बाटली दिली तर म्हणतील, आमच्या तोंडाला वास येतो का," ती म्हणाली.

"चिठ्ठी देऊ बरोबर. पाच उपयोग. पुढे उपयोग, मागे सावधगिरी."

"वाण आहे हो. औषध नाही."

तरी लिहिणार.

१९ जाने., सोम.

चिठ्ठ्या ३०. सगळ्या हाताने. चार दिवस लागले. झेरॉक्स काढता आली असती, पण मागची बाजू पुसट येते आणि मागचीच बाजू महत्त्वाची. पुढे: संडासाचं भांडं, दातांचे ब्रश बुडवून ठेवणे, लसणाचे हात, फुलदाणीतलं पाणी, काळ्या दगडाचा ओटा. मागे पाचांच्या पाच 'नको'. ओट्याच्या मागे लाल पेनने: पांढऱ्या संगमरवरावर अजिबात नको, निळा रंग पितो.

प्रत्येक चिठ्ठीला कोपऱ्यात भोक पाडून बाटलीच्या मानेत अडकेल असा दोरा ओवला. सु.ने बघितल्या. म्हणाली, "छान." आणि ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

२३ जाने., शुक्र.

हळदीकुंकू. बायकांचा कार्यक्रम, मी चार ते साडेसात बागेत. बाकावर बसून क्र. ४५ चा विचार केला (एसीच्या ट्रेमधलं पाणी). साडेसहाला सोसायटीतल्या तिघी हातात बाटल्या घेऊन जाताना दिसल्या. लांब होत्या. बाटलीच्या मानेला दोरा दिसला नाही. म्हटलं चिठ्ठी काढून पर्समध्ये ठेवली असेल.

घरी आल्यावर सु. खुशीत. तिळगूळ दिला. "सगळ्यांना आवडलं."

२४ जाने., शनि.

स्क्रू-ड्रायव्हर शोधत होतो. ड्रॉवरमध्ये चिठ्ठ्या. तीसच्या तीस. रबर लावून.

विचारलं.

"बायका उभ्या उभ्या होत्या हो. कोण वाचतंय? आणि मागे नुसतं नको, नको, नको. सणाच्या दिवशी."

"मग वापरायचं कसं ते कळणार कसं त्यांना?"

"कळेल." आणि कुकर लावायला गेली.

तो 'कळेल' मला आवडला नाही. का ते सांगता येत नव्हतं.

२६ जाने., सोम.

झेंडावंदन. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी सगळ्यांसमोर: "जाधव, तुमच्या मेव्हण्याचा व्हिडिओ बघितला हं. सुनंदाताईंनी पाठवला होता सगळ्यांना वाणाबरोबर. काय डोकं चालतं त्या पोराचं! एका माउथवॉशमध्ये किती काय काय!"

शेजारचा एक म्हणाला, "तुम्ही पण शिका जरा त्याच्याकडून, घरीच असता."

जिलेबी हातात होती. खाल्ली नाही, टाकलीही नाही. कागदात घालून घरी आणली. आत्ता टेबलावर आहे.

नंतर जिन्यात उभं राहून व्हिडिओ बघितला. सात आहेत. सातही बघितले, प्रत्येक तीनदा.

पल्लवी बोलते. नि. बाटली धरतो. "आम्ही महिनोन्महिने प्रयोग करून शोधलेलं." माझं नाव खाली नाही, वर नाही, कुठेच नाही.

तिसऱ्या व्हिडिओत कचऱ्याचा डबा. "एक भाग माउथवॉश, तीन भाग पाणी." माझी चूकसुद्धा चोरली. म्हणजे फक्त उजवी पानं बघितली. एकदाही डावीकडे मान वळवली नाही.

संध्याकाळी.

पाचव्या व्हिडिओत वही दिसते. दोन सेकंद. "आमच्या नोंदी." मी थांबवून मोठं करून बघितलं. खाली टेबलक्लॉथ, पिवळ्या फुलांचा, आमचा. उजेड डावीकडून, म्हणजे दुपारी तीन ते चार. गुरुवारी मी तीन ते पाच टाक्यांच्या व्हॉल्व्हच्या कामाला नेरूळ स्टेशनजवळच्या सोसायटीत असतो.

पान उघडं राहावं म्हणून कोपऱ्यावर अंगठा दाबून धरलाय. नखाच्या खाली भाजल्याची तिरकी खूण. पुरणपोळीच्या तव्याची, नऊ वर्षांपूर्वीची. तिच्यावर मलम मीच लावलं होतं.

अंगठा सु.चा आहे.

२७ जाने., मंगळ.

मोबाइल समोर धरला. पाचवा व्हिडिओ, थांबवलेला. तिने बघितलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हो. मीच धरली वही."

"किती तास?"

"तास काय विचारता?"

"१९२ पानं आहेत. उजवी ९६. त्यातली लिहिलेली ४४. म्हणून विचारतो."

"पाऊण तास." मग म्हणाली, "तुमचं नाव घालणार म्हणाला होता. मला शपथेवर म्हणाला. मी म्हटलं, कुणी तरी बघू दे. सव्वा वर्ष झालं, या घराला पुदिन्याचा वास येतोय, आणि बघणारी मी एकटी. मला लोक विचारतात, मिस्टर काय करतात. मी काय सांगू? संडासाचं भांडं मोजून धुतात?"

"आणि नाव नाही असं दिसल्यावर?"

टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करायला लागली.

"दिसल्यावर तू तोच व्हिडिओ तीस जणींना पाठवलास. माझ्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये ठेवून."

"भाऊ आहे माझा," म्हणाली. हळू.

नि.ने फसवलं, त्याचं मला फार काही वाटत नाही. तो फेटा बांधून घेतानाही आरशातच बघत होता. पण सु.ने पान धरलं. दाबून. नीट फोटो यावा म्हणून.

२९ जाने., गुरु.

बोलणं: भाजी काय, गॅस बुक केला का. बस.

व्हॉल्व्हच्या कामाला गेलो. तीन वाजता वाटलं, आत्ता घरी उजेड डावीकडून येत असेल.

३० जाने., शुक्र.

नि.ला फोन. "दाजी, अहो घरातल्या घरात काय नाव नि आडनाव? मी काय परका आहे?" मी म्हटलं, क्र. २६ चं प्रमाण चुकीचं आहे, बदल. म्हणाला, "त्याच्यावरच सगळ्यात जास्त कमेंट आल्यात, वास येतो म्हणून. पण कमेंट म्हणजे चांगलंच असतं."

फोन ठेवला.

१ फेब्रु., रवि.

सकाळी आठला खालून हाक. म्हात्रेआई. ही सोसायटी बांधली ती त्यांच्या सासऱ्याच्या शेतावर. तळमजल्याचे दोन फ्लॅट त्यांचे. वय सत्तरच्या वर, आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत.

"वसंता! खाली ये रं. माज्या देवाचा काय करून ठेवलाव बग."

देव्हाऱ्याची बैठक पांढऱ्या संगमरवराची. मधोमध निळा डाग, ताटलीएवढा, कडा हिरवट. सहावा व्हिडिओ: 'दगडी ओटा, देव्हारा, पातळ न करता ओता, २० मिनिटं ठेवा.' माझ्या वहीत क्र. १९. उजवीकडे: दगड, २० मि. 'देव्हारा' माझा शब्दच नाही, तो पल्लवीने घातला. डावीकडे काय आहे ते मी तीस चिठ्ठ्यांवर लाल पेनने लिहिलं होतं.

म्हात्रेआई कमरेवर हात ठेवून: "माज्या देवाच्या तोंडाला वास येत व्हता का रं, म्हनून त्याला गुलना करायला लावलाव?"

मी हसलो असतो, दुसरा दिवस असता तर.

"तुजे बायकोनी वान दिला, व्हिडू धाडला. मी म्हटला वसंताच्या घरचा हाय, चुकनार नाय. त्या पोराचा कोन ऐकतंय? तुजा म्हनून लावला मी."

हे ऐकलं आणि खाली बसलो, डाग तपासतोय असं दाखवून. म्हणजे या बिल्डिंगमध्ये एक जण होतं ज्याला माहीत होतं की हे माझं आहे. आणि डाग तिच्याच देवाखाली पडला.

३ फेब्रु., मंगळ.

डागावर खाण्याच्या सोड्याचा लेप, पाण्यात कालवलेला, दह्याइतका घट्ट. वर प्लास्टिक, कडा चिकटपट्टीने बंद. २४ तास. देव तोवर पाटावर, गॅलरीजवळ. म्हात्रेआई म्हणाल्या, "बरा हाय, हवा खातंय."

४ फेब्रु., बुध.

लेप काढला. लेप फिकट निळा, म्हणजे ओढतोय. दुसरा लावला.

६ फेब्रु., शुक्र.

तिसरा. निळा गेला. झळाळी गेली ती गेलीच, ताटलीएवढा भाग निस्तेज. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून दोन तास घासला. सत्तर टक्के जुळला. तिरक्या उजेडात दिसतो. म्हात्रेआईंना दाखवला, तिरका उजेड पाडूनच दाखवला. लपवलं नाही.

"तू नाय सांगतास तं मना दिसला नसता."

"म्हणूनच सांगितलं."

"तुजा असाच," म्हणाल्या. आणि हातावर साखर ठेवली.

वर आलो तर सु. दारात. हात धुवायला पाणी सोडून ठेवलं होतं. "निघाला का?" म्हणाली. मी म्हटलं, निळा निघाला.

८ फेब्रु., रवि.

नि. आला. एकटा. पेढे. देव्हाऱ्याचं सु.ने त्याला सांगितलं होतं वाटतं, त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

त्याच्याकडे एक जाहिरात एजन्सी आली आहे. कुठल्या तरी मा.वॉ.वाल्यांसाठी. त्यांना मालिका करायची आहे. पण त्यांचे वकील म्हणाले, प्रयोग खरोखर केल्याचा पुरावा हवा. तारखा, प्रमाणं, एका हाताची नोंद. म्हणजे वही. मूळ.

कागद बरोबर आणला होता. दोन पानं. मी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. त्याला घाई होती, पाय हलवत होता. आकडा दुसऱ्या पानावर. इथे लिहीत नाही, लिहायची गरज नाही.

सु. स्वयंपाकघराच्या दारात उभी. चहा हातातच.

मी विचारलं, "डाव्या पानांचं काय?"

नि. म्हणाला ते शब्दशः लिहितो: "दाजी, त्यांना डावी पानं नकोच आहेत. उलट असली तर अडचण."

कागद परत दिला. नि. सु.कडे बघून म्हणाला, "ताई, समजाव ना यांना." सु.ने चहा टेबलावर ठेवला. माझ्यासमोर. त्याच्यासमोर नाही. काय समजायचं ते मला अजून समजलेलं नाही. एकच कप केला असेल, साखर संपली असेल. तिला विचारलं नाही.

९ फेब्रु., सोम.

 संध्याकाळी सु.ला भावाचा फोन येत राहिला, तिने उचलला नाही. किंवा मी खाली गेलो तेव्हा उचलला असेल.

पूर्वी असं कधी मनात येत नव्हतं. तेवीस वर्षांत तिच्या फोनकडे बघितलं नाही. आता वाजला की नजर जाते. हे मला शोभत नाही, पण जाते.

वहीची जागा बदलली. फळीवरून माझ्या कपाटात, कुलपात. किल्ली पाकिटात. कुलूप लावताना सु. मागे उभी होती. तिने बघितलं. मी बघितलं की तिने बघितलं.

११ फेब्रु., बुध.

क्र. ४५, एसी ट्रे. करावंसं वाटेना. निळ्या ११ उरल्यात, त्या धुळीत.

किल्ली पाकिटात नव्हती. इस्त्रीच्या टेबलावर सापडली. पँट धुवायला टाकताना काढली असेल. सु. खिसे नेहमी तपासते. असेल.

१२ फेब्रु., गुरु.

आज व्हॉल्व्हच्या कामावरून लवकर आलो, चारला. मुद्दाम. ती मंडईत गेली होती.

कपाट उघडलं. वही जागेवर, दोरा बाहेरच्या बाजूला. मी आतल्या बाजूला ठेवतो. म्हणजे हात लागलाय.

पानन् पान तपासलं. फाडलेलं नाही. कोपरे ठीक. क्र. १९ च्या डाव्या पानावर, माझ्या लाल ओळीखाली, नवी शाई. तिचं अक्षर. सातवीपर्यंत शिकलेलं, गोल, रेघ सोडून वर गेलेलं:

"म्हात्रेआईंच्या देव्हाऱ्याला डाग पडला. हे पान मी दाखवलं नाही म्हणून. चिठ्ठ्या मी दिल्या नाहीत म्हणून. दि. १ फेब्रु. — सुनंदा जाधव."

डागाची तारीख बरोबर. कारण बरोबर. किल्ली काल तिच्याकडे होती, म्हणजे आठ दिवस उलटल्यावर लिहिलंय, नियमाप्रमाणे. तो नियम मी तिला कधी सांगितल्याचं आठवत नाही.

माझ्या वहीत दुसऱ्याचं अक्षर हे पहिलंच. खोडायचं नाही हाही नियमच आहे.

ती आली. पिशवीत मेथी, लिंबं, कोथिंबीर. मी कपाट उघडंच ठेवलं होतं. तिने कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मेथी निवडायला घेतली. तीही बसली. जुडी दोघांनी संपवली. कुलूप लावायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. किल्ली टेबलावर आहे.

नोंद पूर्ण असावी म्हणून ८ तारखेचं राहिलेलं इथे लिहितो. प्रस्ताव असा होता: मूळ वही त्यांच्या ताब्यात. माझी सही, की सर्व प्रयोग नितीन व पल्लवी यांचे, मी फक्त मदतीला होतो. डावी पानं मी स्वतः कापून काढायची. देण्याआधी. मी नाही म्हणालो.

तीन लाख दहा हजार.